दोन चापांमधला स्क्रू

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी मिरवतही नाही आणि लपवतही नाही. औषधांच्या दुकानात उभं राहून आयुष्य काढलेल्या बाईचा स्वभाव दुसरा कसा असणार? डॉक्टरांनी लिहिलेला डोस बरोबरच असेल असं धरून चालले असते, तर एव्हाना दोन-चार माणसं वर पोचली असती. मी आधी शंका घेते, मग तपासते आणि मगच गोळ्या काउंटरवर ठेवते. दुकानात या गुणाचं कौतुक होतं. घरी नवरा त्याला 'पोलीस खातं' म्हणतो.

तेव्हा आमच्या बंदुकीचा चाप एका रविवारी नेहमीपेक्षा जड लागला, आणि माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली, यात नवल काही नाही.

बंदूक आमच्या घरात कशी आली, ते आधी सांगते. नवरा मूळचा पुण्याचा, इथे परदेशात ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. तिथे पॅकिंगची यंत्रं बनतात आणि त्यांचा प्रत्येक बोल्ट नीट आवळलाय का, हे बघणं त्याचं काम. झुरळ दिसलं तर मला हाक मारणारा माणूस. पन्नाशी उलटली की इथले आपले पुरुष सायकल घेतात, नाहीतर बागेत कढीपत्ता जगवायच्या मागे लागतात. यानं ठासणीची बंदूक घेतली. कारखान्यातल्या कुणीतरी त्याला शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर नेलं होतं, आणि तिथे त्याला त्याच्या स्वभावाचा खेळ सापडला. काळी दारू मापाने ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी बसवायची, एवढं सगळं करून एकच बार काढायचा. मग घरी येऊन नळी साबणाच्या गरम पाण्याने भांड्यासारखी धुवायची. शिकार वगैरे नाही, समोर नुसता कागद.

मला ते खरं वाटलं नाही. दर रविवारी सकाळी हा नक्की जातो कुठे, ते बघायला मी एकदा त्याच्याबरोबर गेले. तिथे खरोखरच बंदुका होत्या, धूर होता, सडक्या अंड्यांचा वास होता, आणि बहुतेक सगळे पांढऱ्या दाढीचे आजोबा होते. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे रेंजची शिट्टी असते, त्यांनी मला इथला माओरी नमस्कार करून म्हटलं, "किया ओरा, तू पण एक बार काढून बघ." मी काढला. गोळी मधल्या काळ्या गोलात गेली. पुढे मीही परवाना काढला. आता माझा नेम त्याच्यापेक्षा बरा आहे, आणि हे तोही मान्य करतो, फक्त चारचौघांत नाही.

बंदूक मात्र एकच ठेवली. क्लबात जोडप्यांची एक स्पर्धा असते, त्यात नवरा-बायकोनं एकच बंदूक आळीपाळीने चालवायची असते. आमचे संसारातले सगळे वाद त्या एका बंदुकीवर बरे निभतात, असं आम्ही म्हणायचो.

या बंदुकीला दोन चाप आहेत, एकामागे एक. मागचा ओढला की आत 'टक्' होतं आणि एक स्प्रिंग ताणून बसते. त्यानंतर पुढचा चाप ओढावा लागत नाही. त्याला बोट टेकलं, जरासा भार आला, की घोडा टोपीवर पडतो आणि बार उडतो. जोर लावावा लागत नसल्यामुळे हात हलत नाही आणि नेमही हलत नाही. पुढचा चाप किती हलका ठेवायचा, ते दोन चापांच्या मधे बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा एक स्क्रू ठरवतो. आत फिरवला की चाप हलका होतो. फारच आत गेला तर मागचा चाप ताणून बसतच नाही. बाहेर फिरवला की जड होतो. पाव फेरीचा फरकसुद्धा बोटाला कळतो.

स्क्रू लावायचं काम नवऱ्याचं. आधी गज नळीत सोडून ती रिकामी असल्याची खात्री करायची, घोड्याखाली चामड्याचा तुकडा ठेवायचा म्हणजे तो लोखंडावर आपटत नाही, मग मागचा चाप ओढायचा, पुढचा दाबायचा, स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा तेच. मनासारखा लागला की वर नेलपॉलिशचा थेंब, म्हणजे बाराच्या धक्क्याने स्क्रू सरकत नाही. नेलपॉलिश माझं, फिकट गुलाबी. मी नखांना लावलं त्यापेक्षा जास्त त्या बंदुकीला लागलं असेल.

उन्हाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. रेंजवर माझी पाळी होती. मी घोडा चढवला, मागचा चाप ओढला, दस्ता खांद्याशी नीट टेकवत होते, नेम अजून धरायचाच होता, आणि बार झाला. गोळी समोरच्या गवतात घुसून माती उडाली. शिट्टी वाजली, सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या. शिट्टीवाले आजोबा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ऑल गुड, कुणाला काही झालं नाही. चाप फार हलका झालाय. नवऱ्याला सांग जरा जड करायला."

मला कानकोंड्यासारखं झालं, आणि तेवढाच राग आला. बंदूक मी चालवली, पण चाप लावला होता नवऱ्याने. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "तू लावलेला स्क्रू आजवर कधी सरकला नव्हता."

"सरकला असेल."

"असेल म्हणजे? तुझ्या कारखान्यात असं चालतं?"

त्याने गाडी सुरू केली. घरी आल्यावर बंदूक धुऊन बराच वेळ गॅरेजमध्ये बसला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "केलं." पण ज्याच्या हातून बोल्ट कधी ढिला राहिला नाही त्याच्या हातून चाप चुकला, हे माझ्या मनातून जाईना.

पुढच्या वेळी चाप जड होता. एकदा गोळी गवतात गेलीय म्हटल्यावर हे समजण्यासारखं होतं. पण त्याच्या पुढच्या वेळी आणखी जड लागला, आणि त्यानंतर आणखी. गंमत म्हणजे बोट लावायला जावं तर काही होत नाही, आणि ओढावं म्हटलं की एकदम जोर लागून नळी हलते. माझ्या गोळ्या कागदाच्या कडेला जायला लागल्या. मी विचारलं, "तू रोज फिरवतोयस का तो स्क्रू?" तर म्हणाला, "मला तर तसाच वाटतोय." आणि लगेच चहा ठेवायला उठला. न सांगता चहा ठेवणारा नवरा मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग मी नीट लक्ष द्यायला लागले. चाप जड कोण करतो? ज्याला आपल्या बोटाचा भरवसा नाही तो. बोटाचा भरवसा कुणाला नसतो? ज्याचं बोट थरथरतं त्याला. एवढं सुचल्यावर एकेक गोष्ट दिसायला लागली. जेवताना त्याचा घास हातात अर्ध्यावर थांबायचा. मी भाजी वाढली तरी त्याचं लक्ष नसायचं. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि कशाला आलास विचारलं की "काही नाही" म्हणून परत जायचा. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. बोलणं कमी झालं होतं, आवाजही खाली आला होता. रेंजवर जायच्या आधी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात एरवी माझ्या दहा पावलं पुढे धावणारा माणूस आता मागे-मागे सावकाश चालत होता.

दुकानात अशा माणसांच्या बायका येतात. हळू होणारी हालचाल, मुखवट्यासारखा चेहरा, खाली गेलेला आवाज, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. थरथर तेवढी मला दिसली नव्हती. पण ती तो लपवत असणार. म्हणून तर हात सारखे खिशात, आणि म्हणून तर चाप जड.

त्या आजाराचं नाव मी मनातल्या मनातसुद्धा पूर्ण उच्चारत नव्हते. मला भीती वाटत होती. चिडचिडही होत होती, कारण घरात औषधांतलं कळणारी बायको बसलीय आणि हा ताकास तूर लागू देत नव्हता.

मुलीला फोन केला. ती वेलिंग्टनला असते, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. सगळं ऐकून म्हणाली, "मम, यू आर लिटरली स्पायिंग ऑन डॅड. जस्ट आस्क हिम."

"विचारलं की माणसं खोटं बोलतात," मी म्हटलं.

"यू नीड हेल्प," ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही, कारण एक अडचण होती आणि ती मी तिला सांगितली नव्हती. आमच्या बंदुकीच्या परवान्यांची मुदत संपत आली होती, दोघांचीही जवळपास एकदमच. नूतनीकरणाच्या वेळी परवान्याच्या ऑफिसातून माणूस येतो, बंदुकीची तिजोरी बघतो, आणि नवऱ्याबद्दल बायकोला एकटीला बसवून विचारतो. तब्येत कशी आहे, काही बदल जाणवतो का, यांच्या हातात बंदूक असणं तुम्हाला सुरक्षित वाटतं का. मागच्या वेळी मी हसत हसत सांगितलं होतं की झुरळालासुद्धा धोका नाही. या वेळी काय सांगणार होते? खरं सांगितलं तर त्याच्या आयुष्यातला एकमेव छंद माझ्या तोंडून संपणार. खोटं सांगितलं आणि एखाद्या रविवारी समोरच्या गवताऐवजी एखादा माणूस असला, तर?

बरं, हे एकट्या माझ्याच लक्षात आलं होतं असंही नव्हतं. जुलैतल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मी गाडीतून थर्मास आणायला गेले आणि परत आले, तर नवरा आणि शिट्टीवाले आजोबा शेडच्या कोपऱ्यात डोकं जवळ घेऊन बोलत होते. मला बघून दोघंही थांबले. आजोबा म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांगत होतो, चाप असाच जड ठेव. नो वरीज." त्यांच्या आवाजात जी मऊ दया होती, ती मी बरोबर ओळखली. मी स्वतः तोच आवाज काउंटरवर वापरते. म्हणजे याने परक्या माणसाला सांगितलं होतं आणि मला नाही. त्या दिवशी चहा मी त्याला न देताच संपवला.

त्या दिवसापासून आणखी एक गोष्ट मला खटकायला लागली. मी बार काढायला उभी राहिले की आजोबा येऊन बरोबर माझ्या मागे उभे राहायचे. नवऱ्याच्या मागे नाही. मी मनाशी म्हटलं, बाईमाणूस आहे म्हणून. पुरुष इथून तिथून सारखेच.

सप्टेंबर गेला, नवरात्र आलं. खंडेनवमीला आम्ही इथेही हत्यारांची पूजा करतो. पाटावर माझं गोळ्या मोजायचं तबक, त्याचा मायक्रोमीटर, शिवणयंत्र, लॅपटॉप. बंदूक मांडत नाही, कारण आरतीला माणसं येतात आणि परवाना नसलेल्यांच्या हाताशी ती ठेवणं कायद्यात बसत नाही. तिच्या जागी तिचा इवलासा स्क्रू-ड्रायव्हर ठेवायचा, अशी आमची पळवाट. तो वर्षभर डबीत पडून काळपट झालेला असतो. त्या दिवशी मी त्याच्यावर हळद-कुंकू वाहायला चिमूट उचलली, कुंकू मधेच सांडलं, आणि ते पुसताना मला त्याचं टोक दिसलं. नव्याने घासून बारीक केलेलं, चकचकीत. म्हणजे तो सारखा वापरात होता. देवापुढे पुरावा मिळाला म्हणायचा. मी आरती म्हटली, पेढ्यांचं ताट फिरवलं, आणि मनात पुढचं ठरवलं.

कारखान्यात नवरा आवळलेल्या बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढतो, अर्धी बोल्टवर, अर्धी पत्र्यावर. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. तीच विद्या मी त्याच्यावर चालवली. तो कामावर असताना तिजोरी उघडली (माझीही चावी आहे, परवानाही आहे), आणि स्क्रूवरून गुलाबी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. काम किचकट होतं. ब्रश दोनदा निसटला, पुसून पुन्हा काढावी लागली, तरी रेघ जरा वाकडीच आली. मी म्हटलं, असू दे, पुरावा आहे, रांगोळी नव्हे.

पुढच्या आठवड्यात पाहिलं, तर रेघ अखंड होती. क्षणभर मला वाटलं, आपण उगाचच. मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं. माझी रेघ वाकडी होती. ही पट्टीने काढल्यासारखी सरळ होती.

म्हणजे त्याने स्क्रू फिरवला होता, माझी खूण ओळखली होती, आणि ती नव्याने काढून ठेवली होती. इंजिनिअर तो इंजिनिअर, त्याला चोरी करतानासुद्धा वाकडी रेघ काढवली नाही. मला हसू आलं असतं, पण परवान्याचा माणूस येत्या बुधवारी यायचा होता.

शनिवारी दुपारी आम्ही सँडरिंगहॅमहून वाणसामान घेऊन आलो. पिशव्या ओट्यावर ठेवल्या. मेथी निवडायची होती, ती तशीच राहिली. मी म्हटलं, "बंदूक काढ."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि तिजोरी उघडली. गॅरेजचं दार बंद करून आम्ही त्याच्या कामाच्या टेबलाशी दोन स्टुलांवर बसलो. त्याने गज नळीत सोडून ती रिकामी असल्याचं मला दाखवलं आणि घोड्याखाली चामडं ठेवलं.

"चाप तू जड करतोयस," मी म्हटलं.

"हो."

मी नाही-नाहीच्या उत्तराला तयार होते. म्हणून मी पुढचा पुरावा काढला.

"माझी रेघही तूच पुसलीस."

"हो. तुझी फार वाकडी होती."

"विषय बदलू नकोस. का करतोयस ते सांग."

"तुला काय वाटतं?"

मग मी सगळं सांगितलं. घास कसा थांबतो, दाराशी कसा उभा राहतोस, चेहरा, आवाज, चाल. आजाराचं नावही सांगितलं, कंपवात, पहिल्यांदाच मोठ्याने. माझा आवाज चिरकला, तेव्हा मला माझाच राग आला. "बुधवारी मला विचारतील," मी म्हटलं, "आणि मी खोटं सांगणार नाही. त्याआधी तू मला खरं सांग."

त्याने माझं म्हणणं खोडलं नाही. फक्त म्हणाला, "तुला खात्री कशाने पटेल?"

मी विचार करूनच आले होते. म्हटलं, "चाप पहिल्यासारखा हलका कर. डोळे मीट. मागचा ओढ, मग पुढच्यावर बोट टेक आणि टेकलं की सांग. मी 'आता' म्हणेपर्यंत दाबायचं नाही."

त्याने नेलपॉलिश खरवडून स्क्रू आत घेतला. पाव फेरी, बघितलं, पुन्हा थोडा. चाप जुन्या जागी आल्याचं आवाजावरून मलाही कळलं. घोडा चढवला, मागचा चाप ओढला, डोळे मिटले. "टेकलं," तो म्हणाला. मी मुद्दामच गप्प राहिले. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू झालं, थांबलं, पुन्हा चालू झालं. त्याचं बोट फुंकरीने सुटेल अशा चापावर टेकून राहिलं होतं आणि घोडा जागचा हलला नव्हता. मी त्याच्या बोटाकडे इतकं जवळून बघत होते की माझा श्वास त्यावर पडत असेल. काही थरथरत नव्हतं. शेवटी मी "आता" म्हटलं आणि घोडा चामड्यावर पडला.

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी समजेनासं झालं. "मग तुझं ते घास थांबणं?"

"मी तुझ्याकडे बघत असायचो," तो म्हणाला. "दाराशी उभा राहायचो तेही. तू फुलका चिमटीत धरून जाळावर फिरवतेस ना? पूर्वी धरलास की झटकन सोडायचीस. आता धरून ठेवतेस. जाळ बोटाला लागत असतो आणि तू माझ्याशी बोलत असतेस. मग दुसऱ्या दिवशी फोड येतो आणि तू म्हणतेस, हा कशाने आला कोण जाणे."

"सवयीने बोटं राठ होतात. माझ्या आईचीही होती."

"बाजारात मी मागून चालतो, कारण तुझ्या हातातून पर्स पडते आणि तुला कळत नाही. दोनदा मी उचललीय." त्याचा आवाज खाली होता, हल्ली असायचा तसाच. "आणि त्या दिवशी रेंजवर स्क्रू सरकलाच नव्हता. घरी येऊन मी आधी तेच बघितलं. नेलपॉलिश जसंच्या तसं होतं."

मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीस? त्या म्हाताऱ्याला सांगितलंस."

"तो तुझ्या मागे उभा राहू शकत होता. मी काय करू शकत होतो? तुला सांगितलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

मी काय म्हणाले असते, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हणाले असते, मला शिकवू नकोस. मी म्हणाले असते, दुसऱ्याकडे बोट दाखवू नकोस, आधी स्वतःचा हात बघ. खरं तर त्या क्षणीही मी तेच म्हणायच्या बेतात होते. मला वाटत होतं, हा हुशार माणूस आहे, स्वतःचं झाकायला माझ्यावर उलटवतोय. एक हात एका दिवशी स्थिर राहिला म्हणजे काही सिद्ध होत नाही.

"बुधवारी मलाही विचारतील," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल." आणि बंदूक माझ्यापुढे सरकवली. "तुझीच परीक्षा. रेंजवर आपण बोटाकडे बघत नाही, टार्गेटकडे बघतो. तेव्हा डोळे मीट."

मी म्हटलं, "दे." पुन्हा गज सोडून नळी रिकामी असल्याचं बघितलं, चामडं जागेवर आहे का ते बघितलं. घोडा चढवला. मागचा चाप ओढला, तो 'टक्' झालेला मी ऐकला. मग डोळे मिटले आणि बोट पुढे नेलं, अगदी हळू. तो म्हणाला, "घाई नको. टेकलं की सांग."

"माहितीय," मी म्हटलं. "अजून नाही टेकलं."

शेजाऱ्याचं यंत्र थांबलं होतं. मी बोट आणखी जरासं पुढे नेलं.

"अजून नाही," मी म्हणत होते, आणि घोडा चामड्यावर पडला.

मी ओरडले, "तू हात का लावलास?" आणि डोळे उघडले. तो स्टुलावरून हललेला नव्हता. त्याचे दोन्ही हात टेबलाच्या पलीकडच्या कडेवर होते, पालथे, बोटं पसरलेली, मला दिसावेत म्हणून आधीपासूनच तसे ठेवलेले. चापावर फक्त माझं बोट होतं, चांगलं दाबून बसलेलं, आणि त्याखालचा चाप मला अजूनही जाणवत नव्हता.